साहेबाला हवी होती लाल पानं

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल. बोटीतून उतरून दाभोळला घरी आलो, आईनं अजून ट्रंकेतले कपडे बाहेर काढले नाहीत आणि मी इकडे टायपिंग क्लासातल्या मराठी मशीनवर येऊन बसलोय. मास्तर म्हणतायत, रफीक, हळू, अक्षरं अडकतील. अडकू देत. गावातला जो भेटतो तो विचारतो, दुबईत सोनं बघितलंस का, तेल बघितलंस का. मी म्हणतो, झाड बघितलं. मग त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

झाडच बघितलं. एका झाडासाठी वाळवंटातून लॉरी हाकली, थंडीत कुडकुडलो, मिठात रुतलो. आणि झाड कसलं, तर आपलं बदामाचं, जे दाभोळात दर तिसऱ्या घराच्या मागे कोंबड्यांना सावली देतं.

बर दुबई

आधी दुबईचं उरकून घेतो. खाडीच्या अलीकडे बर दुबई, पलीकडे देरा. मधे अब्रा चालते, म्हणजे आपल्या दाभोळच्या तरीसारखी होडी, फक्त नावाडी जास्त ओरडतो. बर दुबईत कापडाची दुकानं, देवळाची गल्ली, घरांवर वारा खाली ओढायचे चौकोनी मनोरे. वारा येतो, पण आधीच तापून येतो. तिथे आपलाच रुपया चालायचा, तो नुकताच गेला आणि रियाल आला, त्यामुळे प्रत्येक दुकानदार अजून मनातल्या मनात रुपयात हिशेब करतो आणि तोंडानं चुकतो. हिरवं म्हणाल तर मशिदीचं दार.

तिथे माझे हुसेनमामू, म्हणजे आईचा सख्खा भाऊ, बंदराच्या कामावरच्या एका विलायती कंपनीत आहेत. मॅनेजरसाहेबाच्या बंगल्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे: पाणी, जनरेटर, कंपाउंड, साहेबाचे बूट. ऑफिसातला टायपिस्ट सुट्टीवर गेला म्हणून मामूंनी मला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मी खूश. गल्फ, साहेब, ऑफिस. पहिल्याच दिवशी चार पत्रं भराभर टाइप करून टेबलावर ठेवली आणि साहेबानं चारही परत फेकली. सगळ्यांवर तारीख ऑक्टोबरची. डिसेंबर चालू होता.

मी म्हटलं, सर, कॅलेंडर.

भिंतीवर विलायतेचं कॅलेंडर होतं आणि त्यावर ऑक्टोबरचं पान तसंच होतं, कारण त्या पानावर एक रस्ता होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल, केशरी, पिवळी झाडं. साहेबाला ते पान उलटवत नव्हतं. म्हणजे एवढी मोठी कंपनी, समुद्राचा तळ उकरायला निघालेली, आणि तिचा मॅनेजर एका चित्रापायी दोन महिने मागे.

संध्याकाळी मामूंनी मला सगळं प्रकरण सांगितलं. साहेबाची मेमसाब विलायतेत. ती इथे एकदा येऊन गेली आणि लिहून कळवलं, जिथे ऋतूच नाहीत तिथे मी राहणार नाही. आता नाताळाला एकदाच येऊन बघते म्हणाली होती. साहेबाच्या डोक्यानं घेतलं की व्हरांड्यातून एक तरी लाल झाड दिसलं की बाई राहील. त्यासाठी त्यानं विमानानं मेपल नावाच्या झाडाची दोन रोपं मागवली. आठवड्याभरात ती भाजलेल्या पापडासारखी झाली.

"साहेब म्हणतो, हुसेन, कलर येतोय," मामू म्हणाले. "मी म्हटलं, साहेब, मेलंय ते."

"मग?"

"मग काय. माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी म्हटलं, साहेब, लाल पानं पाहिजेत तर आमच्याकडे बदाम थंडीत लाल होतो. इथे पण आहे, रास अल खैमाला बागांत."

"कशाला सांगितलंत?"

"अरे, बोलून गेलो. साहेब खुर्चीतून उठला. म्हणाला, नाताळाच्या आत आणून लाव, परमिटचं मी स्वतः बघतो."

आता हे परमिट समजून घ्या, कारण सगळं तिथे अडलंय. मामूंना मुमानीला, म्हणजे बायकोला, आणि मुलीला, जुबेदाला, दुबईला न्यायचंय. त्यासाठी परमिट लागतं आणि परमिटला कंपनीच्या मॅनेजरचा शब्द लागतो. मामू दोन वर्षं मागे लागलेत. साहेब दर वेळी म्हणे, आफ्टर द समर, हुसेन. मग आफ्टर द विंटर. जुबेदा सहा वर्षांची आहे आणि मामूंनी तिला एकाच सुट्टीत बघितलंय, तेव्हा ती त्यांना बघून पलंगाखाली लपली होती. गावात सगळे हसले. मामू पण हसले. पण सुट्टी संपेपर्यंत ती त्यांच्या मांडीवर काही बसली नाही.

तर असा सौदा. झाडाला लाल पानं, तर मुमानीला परमिट. माणसाच्या संसाराची किल्ली कुणी झाडाच्या पानाला बांधतं का? साहेब बांधतो.

रास अल खैमाच्या वाटेवर

वाट म्हणतोय, पण वाट नव्हती. शारजा सोडलं की ओहोटी बघून समुद्राच्या ओल्या वाळूवरून लॉरी न्यायची आणि भरती आली की आत वळायचं. ड्रायव्हर मुराद, बलुची, डोक्याला फडकं, एका डोळ्यानं वाळू बघणार आणि दुसऱ्यानं मला.

"कहां जाने का?"

"रास अल खैमा," मामू म्हणाले. "एक झाड आणायचंय. लाने का है."

"झाड." मुरादनं बराच वेळ विचार केला. "लोग इधर झाड काटके भागता है. तुम लाने को जाता है. साहेब का काम?"

"साहेब का."

"फिर ठीक है," तो म्हणाला, जसं काही त्यात सगळं आलं. आणि आलंच होतं.

डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला काही नाही. मी खूप शोधलं, खरंच काही नाही. मधेच एक उंट, तो पण आमच्याकडे असा बघत होता की हे कोण अडाणी. उम्म अल कुवैनच्या पुढे मुरादनं चहा केला, डब्यातलं दूध, साखर इतकी की चमचा उभा राहील. मामू म्हणाले छान. त्यांना आता सगळंच छान वाटतं, इतकी वर्षं झाली.

दुपारी डोंगर दिसले. मला बरं वाटलं, कारण डोंगर म्हटलं की आपल्याला वाटतं आता काहीतरी असेल. जवळ गेल्यावर बघितलं तर नागडे. गवताची काडी नाही. आपल्याकडे वणव्यानंतर सुद्धा डोंगर एवढा लाजत नाही. पण त्यांच्या पायथ्याशी, हे मानलं पाहिजे, खजुरीच्या बागाच बागा. थंडगार. पंपाचा टकटक आवाज आणि पाटातून पाणी पळतंय. मी चप्पल काढून पाटात पाय घातले.

बू सालेमची बाग

बागेचा मालक बू सालेम. म्हातारा, दाढी मेंदीची, तरुणपणी गलबतावर खजूर घालून मुंबईला येऊन गेलेला, त्यामुळे हिंदी येतं आणि ते तो फार प्रेमानं मोडतो. आम्ही झाडासाठी आलोय हे ऐकायलाच तयार नाही. आधी कॉफी, मग जेवण. एका मोठ्या थाळ्यात भात आणि त्यावर आख्खा मासा, सगळे भोवती बसून त्यातच. आपल्याकडे लग्नात एका थाळ्यात बसतात तसंच, फक्त इथे रोजचं लग्न. माशात काळं वाळलेलं लिंबू घालतात. आंबट, थोडं कडू. आमसुलासारखं नाही. आमसूल ते आमसूल. पण मी तीनदा भात घेतला, कारण माझा राग लिंबावर होता, माशावर नव्हता.

मग झाड बघायला गेलो. विहिरीपाशी बदाम उभा. कोवळाच, दीड माणूस उंच, फांद्या छत्रीसारख्या थरांनी पसरलेल्या, आणि निम्म्याहून जास्त पानं लाल. आता मी चिडलेला माणूस, तरी सांगतो, ते दिसत होतं. गुलमोहराचा भडक लाल नाही. कोकमाच्या सालीचा लाल, आतून काळपट. सगळी बाग हिरवी आणि मधे हा एकटा. बू सालेम त्याला बीदाम म्हणत होता. म्हणजे झाड आपलं, नावही आपलंच, आणि ते न्यायला आम्ही समुद्र ओलांडून आलेलो.

मामूंनी झाडाला हात लावून सांगितलं, हे पाहिजे.

बू सालेमनं झाडाकडे बघितलं, मामूंकडे बघितलं. "ये? ये नहीं. ये बीमार जैसा है. पत्ता गिरने वाला है."

"यही चाहिए, चाचा."

"अयब," तो म्हणाला. म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. "मेहमान को मैं खराब झाड देगा? लोग क्या बोलेगा, बू सालेम सडा हुआ माल देता है. आओ."

आणि मामूंचा हात धरून त्यानं बाग फिरवली. हे लिंबू घे, बघ काय भरलंय. हे आंब्याचं कलम घे, मस्कतहून आणलं. हे डाळिंब घे. बागेतलं एक एक उत्तम झाड तो आम्हाला द्यायला निघाला आणि मामू प्रत्येक वेळी मान हलवून त्या लाल झाडाकडे बघणार. म्हातारा आता खरंच दुखावला. मागे मुराद लॉरीला टेकून बघतोय, मजा चाललीय त्याची. मी मामूंना मराठीत म्हटलं, "मामू, घ्या ते लिंबू, साहेबाला लाल रंग फासून देऊ."

मामू हसले नाहीत. ते खाली पाटाच्या कडेला बसले आणि त्यांनी बू सालेमला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कॅलेंडर, पापड झालेली रोपं, मेमसाब, परमिट. म्हातारा ऐकता ऐकता इतका हसला की खोकला लागला.

"पत्ता मरता है," डोळे पुसत तो म्हणाला, "और साहेब बोलता है, वाह."

"वही तो, चाचा."

"और तेरी औरत का परमिट इसमें लटका है?"

"हो. बेटी का भी."

"कितना साल?"

मामूंनी सांगितलं. बू सालेमचं हसू गेलं. तो म्हणाला, "साहेब की औरत को मैं नहीं जानता. तेरे वास्ते ले जा. लेकिन निंबू भी जायेगा. खाली ये लेके जायेगा तो मेरा नाक कटेगा."

त्यावर तो आमचं काही चालू देईना. यल्ला, म्हणजे चला, म्हणून कुदळी आणल्या. दोन्ही झाडं मुळांच्या मातीच्या गड्ड्यासकट काढून गोणपाटात बांधली आणि लॉरीत चढवली. लिंबू हिरवंगार, ऐटीत. बदाम लाल, आणि हलवला की एक पान टप्प. दर वेळी टप्प झालं की मामू डोळे मिटायचे.

"वारा लागला की संपलं," ते म्हणाले. कोकणातला माणूस, त्यांना काय सांगायचं. बदाम लाल झाला म्हणजे निघाला. मग त्यांना सुचलं. किनाऱ्यावर कोळ्यांची जाळी वाळत होती. एक जुनं जाळं मागून आणलं आणि सगळं झाड त्यात गुंडाळून वरून दोरी. दिसायला असं दिसत होतं जसं काही आम्ही लाल पापलेट पकडलंय.

बू सालेम हात हलवत म्हणाला, "इन्शाल्ला पहुंचेगा."

मुराद माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "झाड पहुंचेगा. पत्ता का मालूम नहीं."

मिठात

समुद्राला भरती, म्हणून आतून निघालो. आत जमिनीवर मिठाची पांढरी खपली असते. वरून फरशीसारखी, खालून चिखल. मुरादला वाट माहीत होती, त्याचे वडील इथून गाढवं नेत, वगैरे वगैरे, असं तो सांगत असतानाच मागचं चाक आत गेलं. मग टायरची हवा कमी करा, खाली पत्रे घाला, ढकला. मी ढकललं. माझी पांढरी पँट, जी आईनं खास गल्फसाठी शिवून घेतली होती, ती खलास.

आणि तेवढ्यात शमाल सुटला. उत्तरेचा वारा. आपल्याकडे वारा येतो तर पाऊस तरी आणतो. हा नुसती वाळू आणतो आणि सगळं घेऊन जातो. लॉरीवर जाळं फडफडायला लागलं. मामू ढकलायचं सोडून वर चढले आणि झाडाला मिठी मारून बसले. चक्क मिठी. तोंड जाळ्यात, डोळे मिटलेले. मुराद खालून ओरडला, "हबीबी, उतरो, वजन है." मामू उतरले नाहीत. मग मी आणि मुरादनं, दोन झाडं आणि एक मामू यांच्यासकट ती लॉरी काढली.

रात्र शारजाच्या अलीकडे लॉरीतच काढली. त्याबद्दल सांगण्यासारखी फक्त थंडी.

साहेबाचा बंगला

सकाळी साहेबाच्या कंपाउंडात जाळं सोडलं. फांद्यांवर मोजकी पानं उरलेली, ती पण कडेनं फाटलेली. बाकी सगळी जाळ्यात, तळाशी, माशांसारखी. लालच होती बिचारी. पण झाडावर नव्हती.

मामूंनी ती पानं हातात घेतली, झाडाकडे बघितलं आणि मला म्हणाले, "रफीक, शिंप्याकडून काळा दोरा आण."

मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. खड्डा केला, झाड उभं केलं, पाणी घातलं आणि आम्ही शिडीवर चढून पानं बांधायला लागलो. देठाला दोरा, फांदीला गाठ. आपल्याकडे पत्रावळी टाचतात तो हात मामूंना होताच. पण झाड ते, पत्रावळ नाही. खालून ते एखाद्या दर्ग्यापाशी नवसाच्या चिंध्या बांधलेल्या झाडासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "मामू, साहेब आंधळा आहे का?"

"बांध," मामू म्हणाले. "व्हरांड्यातून लांबून बघायचंय तिला. बांध."

आणि साहेब बाहेर आला. हातात तार. साहेब पूर्वी कराचीत होता, त्यामुळे हिंदी येतं, हुकूम सोडण्यापुरतं.

"मेमसाब नहीं आयेगा," तो म्हणाला. मग त्याचं झाडाकडे लक्ष गेलं. "ये क्या है?"

"ऑटम, साहेब," मामू शिडीवरून म्हणाले.

मला हसू आवरेना. मी तोंड भिंतीकडे केलं. साहेब जवळ आला, एक पान हातात धरलं, उलटं केलं, गाठ बघितली.

"तुम बांधा?"

"हवा ले गया, साहेब. तो बांधा."

साहेब पायरीवर बसला. एवढा उंच माणूस, गुडघे कानाशी आले. मी मनात म्हटलं, आता झालं. बाई येत नाही म्हणजे झाड नको, आणि झाड नको म्हणजे परमिट गेलं. आणि तेच झालं, म्हणजे तोच बोलला.

"हुसेन," तो म्हणाला, "ये जगह औरत के लिए नहीं है. मेरा नहीं आया. तुम भी मत बुलाओ. तुम्हारा भला बोलता है."

बघा आता. याची बायको येत नाही म्हणून आमच्या मुमानीनं पण येऊ नये. वर त्यात आमचं भलं. मी बोलणारच होतो, पण मामू शिडीवरून उतरले. हाताला दोरा गुंडाळलेला, कपड्यांवर रास अल खैमाची माती.

"साहेब," ते म्हणाले, "मेमसाब को झाड चाहिए था. मेरी बीवी के दरवाजे पे यही झाड है. रोज सुबह पत्ता झाडती है और मेरे को गाली देती है, कि ये झाड लगाया और खुद भाग गया. उसको झाड नहीं चाहिए."

"फिर क्या चाहिए?"

मामूंना असलं बोलता येत नाही, आमच्या घरात कुणालाच येत नाही. त्यांनी हातावरचा दोरा सोडला, परत गुंडाळला.

"मेरे को क्या मालूम, साहेब. आयेगी तो पूछेंगे."

साहेबानं तारेची घडी केली, खिशात घातली. मग उठला, आत गेला, गाडीची किल्ली घेऊन आला आणि गाडीचं पुढचं दार उघडून मामूंना म्हणाला, "बैठो."

"कपडा गंदा है, साहेब."

"बैठो. परमिट ऑफिस एक बजे बंद होता है."

मामू बसले. अंग चोरून, सीटला माती लागू नये म्हणून पुढे सरकून, हातात अजून दोरा. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. साहेबानं मान बाहेर काढली. मला वाटलं मला पण बोलावतोय, टाइप करायला.

"यू," तो म्हणाला, बोटानं झाड दाखवत. "बाकी का भी बांधो."

बाई येणार नाही, बघायला कुणी नाही, आणि बाकी का भी बांधो. दोघं दुपार टळल्यावर शिक्का घेऊन परत आले, तोवर मी शिडीवर उभा राहून मेलेली पानं झाडाला बांधत होतो.

मुमानी आणि जुबेदा पुढच्या बोटीनं निघतायत, काल रात्री बिस्तरा बांधला. मी साहेबाला मूर्ख म्हणत होतो, आजही म्हणतो, मेपलच्या वेळीही मूर्ख आणि बदामाच्या वेळीही मूर्ख. पण त्या दिवशी शिडीवर मी एक पान सुद्धा ढिलं बांधलं नाही, आणि का ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी, की ज्याला दिवसभर हसलात त्याचंच खुळं काम तुम्ही कुणी बघत नसताना नीट करून ठेवलंत? झालं असेल तर सांगा, मी क्लासातच बसलोय.